पाडकामाला माणूस बघताना

बांधायला अक्कल लागते, पाडायला काय, पहार घेतली की झालं, असं आपण सहज बोलून जातो. मला हे मुळीच पटत नाही. गेले तीन महिने मी कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला लेकीकडे आहे आणि तिच्या परसातला जुना डेक आणि कुंपण काढायचं घाटतंय. (डेक म्हणजे घराला लागून असलेला लाकडी ओटा. वन्सं, तुमच्यासाठी सांगितलं.)

जावयांचं म्हणणं, रस्त्यावर काम शोधत उभे असतात त्यातले दोघे आणू, एका दिवसात उरकेल. स्वस्त पडेल हे खरंच. पण एखाद्याच्या पायात खिळा घुसला, अंगावर तुळई आली तर? विमा नसताना माणूस कामाला लावला, तर त्याच्या दुखापतीची जबाबदारी इथे घरमालकावर येऊ शकते. कायद्याचं सोडा, त्या पोराच्या घरची चूल कोण पेटवणार?

आमच्या गावी गवंडी तीन पिढ्यांच्या ओळखीचा असे. त्याने काम बिघडवलं तर पारावर चार माणसं त्याला विचारत. इथे पार नाही. ते काम कॉन्ट्रॅक्टर्स स्टेट लायसन्स बोर्ड करतं. त्यांच्या संकेतस्थळावर परवाना क्रमांक घातला की परवाना चालू आहे का, कामगारांचा विमा आहे का, ते दिसतं. २०२५ पासून १००० डॉलर किंवा त्याहून मोठ्या कामाला परवाना लागतोच. आधी ही मर्यादा ५०० होती. अर्थात परवान्यावरून माणसाचा हात कळत नाही. त्यासाठी जवळपासचाच कंत्राटदार बरा, म्हणजे त्याने केलेलं काम दोन गल्ल्या चालत जाऊन बघता येतं. मी बघून आले.

पाडकामात खरी मेख असते ती घराच्या भिंतीला बोल्टने जखडलेल्या आडव्या फळीत. ती हिसकून काढली तर भिंतीचं बाहेरचं आवरण फाटतं, आणि भोकं नीट बुजवली नाहीत तर पावसाचं पाणी आत मुरतं. कुंपणाच्या खांबांचं तसंच. खाली काँक्रीटचे गड्डे असतात. खांब जमिनीलगत करवतीने कापून गडी निघून गेला, तर नवा खांब रोवणार कुठे? म्हणून गड्ड्यांसकट काढणार, हे करारात लिहून घ्यावं. खणायच्या आधी निदान दोन कामाचे दिवस ८११ ला फोन करायचा. फुकट सेवा आहे. माणसं येऊन जमिनीवर रंग मारून जातात: गॅसला पिवळा, विजेला लाल, पाण्याला निळा.

कुंपण दोन घरांच्या मध्ये असतं हेही विसरू नये. २०१३ च्या इथल्या कायद्याप्रमाणे सामाईक कुंपणाचा खर्च निम्मा-निम्मा धरतात, पण शेजाऱ्याला ३० दिवस आधी लेखी कळवावं लागतं. लेकीने चिठ्ठी दिली, शेजारीण लगेच तयार झाली.

आगाऊ रक्कम १००० डॉलर किंवा एकूण रकमेच्या १० टक्के, यातली जी कमी असेल तेवढीच मागता येते. जो निम्मे पैसे आधी मागेल त्याला चहा पाजून निरोप द्यावा.

आता लाकूड. आपल्याला जुनं लाकूड दिसलं की बंबाचं सरपण आठवतं. पण २००३ अखेरपर्यंत इथे घरगुती कामाच्या बऱ्याच लाकडाला कीड लागू नये म्हणून आर्सेनिक असलेलं रसायन पाजत. ते जाळलं की विष धुरात उतरतं, राखेतही राहतं. लेकीचा डेक त्याआधीचा. म्हणून प्रत्येकाला मी एकच प्रश्न विचारायला लावला, हे लाकूड टाकणार कुठे? एक म्हणाला, बघू कुठेतरी. दुसऱ्याने दरपत्रकातच कचरा केंद्राचं नाव आणि तिथल्या शुल्काची वेगळी ओळ दाखवली. त्याचा दर बराच जास्त आहे. तरी काम त्यालाच द्यावं असं माझं मत. जावई अजून आकडेमोड करताहेत.