देव घासायचे की झिजवायचे?

मंडळी, चवथ जवळ आली की आपल्याकडे घराघरांत पितळेचे देव घासण्याचा सपाटा सुरू होतो. तारेची घासणी, भांड्यांची पावडर आणि वर मनगटाचा जोर! आमच्या देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाला तर आता नाकच उरलेले नाही. ही कसली भक्ती? पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. चिंचेचे किंवा सोलाचे आम्ल काळपटपणा काढते खरे, पण ते मूर्तीवर तसेच राहिले तर जस्त आधी विरघळते नि तांबूस डाग पडतात. तेव्हा सोलाच्या पाण्याने बोटांनीच हलके चोळा, लगेच भरपूर पाण्याने धुवा, जुन्या मऊ धोतराने खाचाखोचांतून टिपून घ्या. तेही सणासुदीलाच. एरवी देव थोडा सावळा दिसला तर बिघडले कुठे? आपला विठोबा नाही का सावळा!