विम्याचा भाग आणि दशकाचा हिशेब

भारतीय आयुर्विमा महामंडळाच्या भागभांडवलापैकी किमान दहा टक्के हिस्सा जनतेच्या हाती देण्यासाठी १६ मे २०२७ पर्यंतची मुदत ‘सेबी’ने २०२४ मध्ये वाढवून दिली. हा हिस्सा पंचवीस टक्क्यांवर नेण्यासाठी मे २०३२ पर्यंतची सवलत सरकारने महामंडळास आधीच दिलेली आहे. म्हणजे मे २०२२ मध्ये साडेतीन टक्के भाग विकून सरकारने जो व्यवहार आरंभिला, तो एका विक्रीने संपणारा नव्हता. त्या पहिल्या विक्रीत एक दशांश भाग विमेदारांसाठी राखून ठेवले होते आणि त्यांना सहापटीहून अधिक मागणी आली. ज्या कुटुंबांनी दोन-दोन पिढ्या महामंडळाचे हप्ते भरले, त्यांनी त्याच विश्वासाने भागांसाठीही अर्ज केले. साठ रुपयांची सूट वजा जाता त्यांना प्रत्येक भाग ८८९ रुपयांस पडला. १७ मे रोजी मुंबईच्या शेअरबाजारात त्याचा पहिला भाव ८६७ रुपये निघाला आणि २०२३ च्या मार्चपर्यंत तो साडेपाचशेच्या घरात आला. पुढे भाव सावरला व २०२४ मध्ये हजार रुपयांपलीकडेही गेला, हे खरे. परंतु भाव पडला की चढला, हा येथे प्रश्न नाही. नऊशे एकोणपन्नास ही किंमत रास्त आहे की नाही, हे त्या विमेदाराने कोणत्या मापाने मोजावयाचे होते, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर त्यास कोणी दिले नाही.

विमापत्र आणि भाग यांतील भेद प्रथम स्पष्ट केला पाहिजे. महामंडळाचे विमापत्र हे एक वचन आहे आणि त्या वचनाच्या पाठीशी १९५६ च्या कायद्याने केंद्र सरकारची हमी उभी केली आहे. भागाच्या पाठीशी अशी कोणतीही हमी नाही. विमेदार हा धनको असतो. भागधारक हा धंद्यातील लाभाचा व हानीचा वाटेकरी असतो. एकाच संस्थेचे नाव दोन्ही कागदांवर छापलेले असल्यामुळे पहिल्याचा विश्वास दुसऱ्यास आपोआप चिकटतो, आणि येथेच फसगतीचा संभव निर्माण होतो. भाग विकत घेणे म्हणजे पुढील अनेक वर्षांच्या नफ्यातील वाटा विकत घेणे होय. तो नफा किती, हे कळल्यावाचून किमतीविषयी बोलणे व्यर्थ आहे.

परंतु विमा कंपनीचा नफा ही वस्तू इतर धंद्यांतील नफ्यासारखी नाही. कापडगिरणीचा मालक कापूस, मजुरी व वीज यांचा खर्च आधी करतो आणि मग माल विकतो. विमा कंपनी माल आधी विकते. त्यास खर्च किती आला, हे तिला पुष्कळ वर्षांनी कळते. मोटार अपघातात जखमी झालेल्या माणसाचा दावा न्यायाधिकरणापुढे उभा राहतो, तेथून तो उच्च न्यायालयात जातो, आणि भरपाईचा अखेरचा आकडा ठरेपर्यंत कित्येक ताळेबंद छापून जुने झालेले असतात. दरम्यान कंपनी त्या दाव्यापोटी अंदाजाने रक्कम राखून ठेवते. अंदाज थोडा कमी धरला, की यंदाचा नफा फुगतो आणि त्याची भरपाई चार वर्षांनंतरच्या ताळेबंदास करावी लागते. त्यात निसर्गाची लहर आहेच. पूर व वादळे न आलेल्या वर्षी प्रत्येक विमा कंपनी शहाणी दिसते. तिच्या एका वर्षाच्या नफ्यावरून तिची किंमत ठरविणे म्हणजे सुगीच्या वर्षीचे पीक पाहून कोरडवाहू जमिनीचा सौदा करणे होय.

या अडचणीवरील उपाय नवा नाही. बेंजामिन ग्रॅहम आणि डेव्हिड डॉड या अमेरिकन ग्रंथकारांनी १९३४ मध्येच सांगून ठेवले होते की, भागाची किंमत पारखताना निदान पाच, आणि शक्य तर सात किंवा दहा वर्षांच्या नफ्याची सरासरी घ्यावी. महामंदीच्या होरपळीतून निघालेला तो सल्ला होता. १९८८ मध्ये जॉन कॅम्पबेल व रॉबर्ट शिलर या अर्थशास्त्रज्ञांनी त्यास एक महत्त्वाची जोड दिली: सरासरी काढण्यापूर्वी प्रत्येक वर्षाचा नफा आजच्या भावमानात बदलून घ्यावा, कारण दहा वर्षांपूर्वीचा रुपया किंवा डॉलर आणि आजचा रुपया किंवा डॉलर ही एक वस्तू नव्हे. आजच्या किमतीस या सरासरीने भागले, की जो पट निघतो तो एका वर्षाच्या तेजीमंदीने हेलकावत नाही. डिसेंबर १९९९ मध्ये अमेरिकेच्या बाजारात हा पट चव्वेचाळीसवर पोहोचला होता. १९२९ च्या कोसळण्यापूर्वीही तो इतका चढला नव्हता. त्यानंतरच्या तीन वर्षांत तो बाजार निम्म्याच्या आसपास उतरला. शिलर यांना २०१३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी हे माप प्रामुख्याने संपूर्ण बाजारास लावले, एकेका कंपनीस नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तथापि ज्या धंद्याचा नफा स्वभावतःच चांगल्या-वाईट वर्षांच्या फेऱ्यांतून जातो, त्यास ते लावून पाहणे उपयुक्त ठरते. आणि विम्याचा धंदा नेमका तसा आहे.

आपल्याच शहरातील एक उदाहरण घेऊ. विमा कंपन्यांचाच विमा उतरविणारे सर्वसाधारण विमा महामंडळ, म्हणजे आजची ‘जीआयसी री’, हिचे भाग सरकारने ऑक्टोबर २०१७ मध्ये ९१२ रुपयांस विकले. आधीच्या, म्हणजे २०१६-१७ च्या, वर्षी तिचा नफा सुमारे ३,१२८ कोटी रुपये होता. त्या नफ्याच्या पंचवीसपटीहून अधिक किंमत खरेदीदारांनी मोजली. पुढील वर्षी नफा ३,२३४ कोटींवर गेला, त्यापुढील वर्षी २,२२४ कोटींवर उतरला, आणि २०१९-२० मध्ये ३५९ कोटींचा तोटा झाला. २०१८ मध्ये एका भागावर एक बक्षीस भाग मिळाल्यामुळे मूळ किंमत ४५६ रुपये धरली, तरी मार्च २०२० मध्ये बाजारभाव तिच्या पाव पटीच्या आसपास आला होता. पुढील दोन वर्षी १,९२० व २,००६ कोटी, आणि त्यानंतरच्या तीन वर्षी अनुक्रमे सुमारे ६,३१३, ६,४९७ व ६,७०१ कोटी, असा नफा झाला. २०१७ चा खरेदीदार, २०२० चा विक्रेता आणि २०२५ चा खरेदीदार, यांपैकी प्रत्येकाने केवळ शेवटचा ताळेबंद पाहिला असेल, तर तिघांनी तीन निराळ्या कंपन्या पाहिल्या असे म्हणावे लागेल.

आता हीच नऊ वर्षे ग्राहक किंमत निर्देशांकाच्या आधारे २०२४-२५ च्या भावमानात मांडून पाहा. २०१६-१७ मधील शंभर रुपये म्हणजे २०२४-२५ मधील सुमारे एकशे अठ्ठेचाळीस रुपये. या हिशेबाने नऊ वर्षांची सरासरी ४,१०० कोटींच्या आसपास, म्हणजे दरभागी साडेतेवीस रुपयांच्या जवळपास येते. शेवटच्या एका वर्षाचा नफा मात्र दरभागी अडतीस रुपये आहे. केवळ शेवटचे वर्ष पाहणारास जो भाग वीस पटीने मिळाला असे वाटेल, तो दीर्घ सरासरीने बत्तीस पटीने पडलेला असेल. शिवाय नऊ वर्षांत नफा दुपटीहून अधिक झाला, असे कागदावर दिसते; भाववाढ वजा केल्यास ती वाढ पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपासच राहते. कंपनीने खरोखरच सुधारणा केली असेल आणि अलीकडची वर्षेच तिचे नवे रूप दाखवीत असतील, हे शक्य आहे. परंतु तसे मानणाऱ्याने आपण सरासरीहून किती अधिक आशा विकत घेत आहोत, हे निदान जाणून घ्यावे. दशकाच्या हिशेबाचा उपयोग भविष्य सांगण्याकडे नाही. आपली आशा किती महाग आहे, हे तो सांगतो.

या मापाच्या मर्यादाही सांगणे भाग आहे. अमेरिकेतील ‘एआयजी’ ही विमा कंपनी २००७ पर्यंत दीर्घकाळ नफ्याची परंपरा सांगत होती. मग २००८ या एका वर्षात तिला सुमारे ९९ अब्ज डॉलरचा तोटा झाला, जवळजवळ ऐंशी टक्के मालकी सरकारकडे गेली, आणि २००९ मध्ये वीस भागांचा एक भाग करण्यात आला. दहा वर्षांच्या सरासरीने ही आपत्ती सांगितली नाही, कारण जुन्या नफ्याशी संबंध नसलेला एक नवा धोका, म्हणजे इतरांची कर्जे बुडाल्यास भरपाई देण्याचे करार, कंपनीने मध्यंतरी पत्करला होता. तात्पर्य हे की, धंदा तोच असेल, हिशेबाची रीत तीच असेल आणि भागांची संख्या जुळवून घेतली असेल, तरच मागील दशक पुढील दशकाविषयी काही सांगू शकते.

नेमकी हीच अट आयुर्विमा महामंडळाच्या बाबतीत आज पुरी होत नाही. २०२१ च्या कायदेदुरुस्तीपूर्वी महामंडळाच्या वाढाव्यापैकी पंच्याण्णव टक्के विमेदारांकडे आणि अवघे पाच टक्के सरकारकडे जात. दुरुस्तीनंतर एकच असलेला निधी दोन भागांत विभागला गेला आणि भागधारकांचा वाटा वाढला. त्याचा परिणाम असा की, कंपनीचे अंगभूत मूल्य मार्च २०२१ अखेर ९५,६०५ कोटी होते, ते सप्टेंबर अखेर ५,३९,६८६ कोटी झाले. सहा महिन्यांत धंदा पाचपट वाढला नव्हता. वाटणीचा नियम बदलला होता. नफ्याचेही तसेच. २०२०-२१ मध्ये तो सुमारे २,९०० कोटी होता, २०२१-२२ मध्ये ४,०४३ कोटी, आणि २०२२-२३ मध्ये एकदम ३६,३९७ कोटी. यांपैकी सुमारे २७,२४० कोटी विमा निधीतून भागधारकांच्या खात्यात वळविलेले होते. ९४९ रुपयांच्या भावाने महामंडळाची एकूण किंमत सहा लक्ष कोटी होते. ती २०२०-२१ च्या नफ्याच्या दोनशेपट, आणि २०२४-२५ च्या ४८,१५१ कोटींच्या नफ्याच्या साडेबारापट ठरते. हे सारे कायद्यास धरून झाले, याविषयी शंका नाही. परंतु ज्या वस्तूची किंमत एका मापाने दोनशे आणि दुसऱ्या मापाने साडेबारा भरते, ती सामान्य विमेदारापुढे ठेवताना विक्रेत्याने अधिक खुलासा करावयास नको काय?

आमची मागणी साधी आहे. भागविक्रीच्या माहितीपत्रकात तीन वर्षांचे हिशेब देण्याची रीत आहे. विमा कंपन्यांपुरती ती दहा वर्षांची करावी. त्या दहाही वर्षांचा दरभागी नफा, भागांची संख्या जुळवून आणि भाववाढ वजा करून, एका कोष्टकात द्यावा. प्रत्येक वर्षी दाव्यांपोटी राखलेला अंदाज पुढे खरा ठरला की खोटा, हे त्याच्या शेजारी छापावे. आणि जेथे हिशेबाची रीतच बदलली असेल, तेथे ठळक रेघ ओढून ‘यापूर्वीच्या व यापुढील आकड्यांची तुलना करू नये’ असे स्पष्ट मराठीत, हिंदीत व इंग्रजीत सांगावे. महामंडळाच्या नव्या रीतीची पहिली पूर्ण दहा वर्षे मार्च २०३२ मध्ये पुरी होतील. पंचवीस टक्क्यांची मुदतही त्याच सुमारास संपते. मग अंदाजपत्रकातील तूट भरण्याच्या निकडीने मोठे हिस्से घाईने बाजारात आणण्याचे कारण नाही. लहान हिस्से, सावकाश, आणि दरवर्षी वाढत जाणाऱ्या हिशेबासह विकावेत, यात सरकारचेही हित आहे.

अशा कोष्टकाने भाव कमी येईल, असा आक्षेप घेतला जाईल. येईलही. खासगी विक्रेत्याने अधिक भावाची इच्छा धरली तर ती समजण्याजोगी आहे. परंतु येथे विक्रेता सरकार आहे आणि ग्राहक त्याचाच नागरिक आहे. एकाच्या खिशातून अज्ञानापोटी निघालेले पैसे दुसऱ्याच्या तिजोरीत जमा करणे, यास राष्ट्रीय लाभ म्हणता येत नाही. मध्यमवर्गीय गुंतवणूकदार असली कोष्टके वाचीत नाही, असेही म्हटले जाते. ज्या वर्गाने घरखर्चाच्या वहीत दुधाच्या हिशेबापासून गृहकर्जाच्या व्याजापर्यंत सारे मांडून ठेवले, त्यास दहा ओळींचे कोष्टक कळणार नाही, असे मानणे हा त्याचा अपमान आहे. ते त्याच्यापुढे कधी ठेवलेच गेले नाही, ही वस्तुस्थिती आहे.

१९ जानेवारी १९५६ रोजी आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा तत्कालीन अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी केली, तेव्हा खासगी व्यवस्थापनाखाली विमेदारांच्या ठेव्याचा झालेला दुरुपयोग हे त्यामागील एक प्रमुख कारण होते. दोनशे पंचेचाळीस संस्था एकत्र करून, अवघ्या पाच कोटींच्या भांडवलावर महामंडळ उभे राहिले. त्याचे भाग सरकारने विकावेत की विकू नयेत, याविषयी मतभेद असू शकतात. परंतु लोकांच्या बचतीचे रक्षण करण्यासाठी जी संस्था सरकारने ताब्यात घेतली, तीच लोकांना विकताना त्यांना पुरता हिशेब दाखविणे हे सरकारचे कर्तव्य आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. पुढील विक्रीचे माहितीपत्रक निघेल, तेव्हा वाचकांनी प्रथम त्यातील दहा वर्षांचे कोष्टक शोधावे. आणि ते नसेल, तर अर्जावर सही करण्यापूर्वी ते का नाही, हे विचारावे.