नुसतं लक्ष ठेवा म्हणजे एकट्याने भोगा असं नव्हे

कपाशीच्या हंगामात आमच्या असोद्याच्या शिवारात कामगंध सापळे लागतात. सलग तीन रात्री सापळ्यात आठ किंवा त्याहून जास्त पतंग अडकले तर गुलाबी बोंडअळीसाठी फवारणी करायची, तोवर थांबायचं. ही शिफारस इथल्या शेतकऱ्याला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. पण थांबणं सोपं नसतं. पाच पतंग दिसले तरी हात पंपाकडे जातो. तो हात आवरतो शेजारच्या बांधावरचा माणूस. "माझ्याकडे पण पाचच आहेत, दोन दिवस बघू," एवढंच तो म्हणतो. शेतीशाळेत दुसरं काय होतं? पाटील, शेख, कोळी एकाच शेतात उभे राहून किडी मोजतात आणि घाबरायचं की नाही हे एकत्र ठरवतात. या शेतीशाळेची पद्धत १९८९ साली इंडोनेशियात, भातावरच्या तुडतुड्यांपायी सुरू झाली. जगातल्या सर्वांत मोठ्या मुस्लिम लोकसंख्येच्या देशाकडून आपण हे शिकलो, हे जाता जाता.

हाच शेतकरी साठी-पासष्टीला पोचतो आणि लघवीची तक्रार सुरू होते. रात्री चारदा उठणं, धार बारीक होणं. मग दुर्बिणीचं ऑपरेशन होतं, काढलेले तुकडे तपासायला जातात आणि रिपोर्टमध्ये कॅन्सर हा शब्द येतो. किंवा मुलाने वडिलांसाठी चेकअपचं पॅकेज घेतलेलं असतं, त्यात पीएसए जास्त निघतो आणि पुढे बायोप्सी होते. प्रोस्टेटचा हा कॅन्सर बारीक, ग्लीसन ६ चा, ग्रंथीच्या आतच असेल तर चांगला डॉक्टर आज सांगतो की लगेच काही करू नका. दर सहा महिन्यांनी पीएसए, ठरलेल्या काळाने एमआरआय आणि बायोप्सी, वाढ दिसली तर उपचार.

हा काही सरकारी दवाखान्याचा आळस नव्हे. टोरांटोच्या लॉरेन्स क्लॉट्झ यांनी १९९५ पासून ही पद्धत रुजवली. ब्रिटनमधल्या प्रोटेक्ट या अभ्यासात १,६४३ पुरुषांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट केले : नुसतं लक्ष ठेवणं, ऑपरेशन आणि रेडिएशन. १५ वर्षांनी, २०२३ साली निकाल आला. प्रोस्टेट कॅन्सरने मेलेले अनुक्रमे ३.१, २.२ आणि २.९ टक्के. म्हणजे मरणाच्या हिशेबात तिन्ही गट जवळपास सारखे. कॅन्सर पसरण्याचं प्रमाण मात्र लक्ष ठेवलेल्यांत ९.४ टक्के होतं, ऑपरेशनवाल्यांत ४.७. हा आकडा लपवून चालणार नाही. पण त्या अभ्यासात सगळेच कमी धोक्याचे नव्हते आणि तेव्हाची देखरेख आजच्याइतकी कडकही नव्हती. पुढे उपचार घ्यावे लागलेलेही बरेच होते, तरी लक्ष ठेवलेल्यांपैकी साधारण चौथा हिस्सा १५ वर्षांनंतरही कुठलाच उपचार न घेता जिवंत होता.

आता माझी तक्रार. डॉक्टर हे सगळं पाच मिनिटांत सांगतो आणि "सहा महिन्यांनी या" म्हणतो. त्या सहा महिन्यांत या माणसाचं काय होतं, ही कोणाचीच जबाबदारी नाही. पोटात कॅन्सर आहे आणि गोळीसुद्धा नाही, हे घरात कोणाला पटत नाही. सुरतचा मुलगा फोनवर ओरडतो, "अब्बा, काढून टाका!" बहीण कलौंजीचं तेल पाठवते. मशिदीतले दोस्त "अल्लाह मालिक है" म्हणून विषय मिटवतात. अल्लाह मालिक आहेच, पण उंट बांधूनच तवक्कुल करायचा हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. एकट्या माणसाची भीती मग दोनपैकी एका वाटेने जाते. एक तर तो गरज नसलेलं ऑपरेशन करून घेतो, त्यासाठी शेताचा तुकडाही विकतो. नाही तर तपासणीच बंद करतो, आणि लक्ष ठेवण्याच्या नावाखाली दुर्लक्ष सुरू होतं. दुसरी वाट जास्त घातक आहे.

माझ्या ओळखीचे एक चाचा पहिल्या वाटेवर आहेत. त्यांना रिपोर्टची भाषा समजत नव्हती असं नाही. चार वर्षं असंच लक्ष ठेवून असलेला एकही माणूस त्यांना भेटला नव्हता. तो भेटला असता तर त्याने काय सांगितलं असतं? लघवीला जंतुसंसर्ग झाला तरी पीएसए वाढतो, म्हणून एका आकड्याने हादरू नका. तपासणी दर वेळी त्याच लॅबमध्ये करा. प्रोस्टेट आकसण्याची फिनास्टेराईड किंवा ड्युटास्टेराईड ही गोळी चालू असेल तर आकडा निम्म्यावर येतो, ते डॉक्टरला आठवणीने सांगा. बायोप्सीनंतर काही दिवस लघवीत, काही आठवडे वीर्यात रक्त दिसू शकतं. आणि रिपोर्टच्या आदल्या रात्री झोप येत नाही, मलाही येत नाही. शेवटचं वाक्य कुठलाच डॉक्टर बोलू शकत नाही.

ऑपरेशनची जी किंमत असते तीही आपल्याकडे कोणी उघड बोलत नाही. त्याच ब्रिटिश अभ्यासात ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी ४६ टक्के पुरुष लघवी गळते म्हणून पॅड वापरत होते. सहा वर्षांनीही १७ टक्के. लैंगिक ताकदीवर होणारा परिणाम वेगळाच. आपल्या समाजात याचा पुढचा अंक मशिदीत घडतो. कपड्याला थेंब लागतो म्हणून माणूस आधी मागच्या सफमध्ये सरकतो, मग जुमा सोडून बाकीच्या नमाजांना येईनासा होतो, आणि लोक म्हणतात, "चाचांचा ईमान ढिला झाला." हनफी फिकहमध्ये अशा माणसासाठी 'माजूर' हा मसला शतकानुशतके आहे. लघवी थांबतच नसेल तर दर नमाजच्या वेळेला एकदा वजू करावी आणि त्या वेळेत नमाज पढावी. मग हा मसला खुतब्यात का येत नाही? बायकांच्या पडद्यावर तासभर बोलणाऱ्यांना पुरुषांच्या मूत्राशयावर दोन मिनिटं बोलायला कसली लाज वाटते?

बायकांचा विषय निघालाच आहे तर, असोदा हे बहिणाबाई चौधरींचं माहेर. तिशीत विधवा झालेल्या त्या बाईने आपलं दुःख गाऊन सांगितलं, आणि ऐकायला जात्यावर, शेतात इतर बाया होत्या. आपल्या पुरुषांकडे जात्यासारखी जागा नाही. पारावर, हॉटेलात, वजूखान्याबाहेर आपण तासन्‌तास बसतो, केळीचे भाव आणि दिल्लीचं राजकारण बोलतो, पण कमरेखालचा विषय आला की तो विनोद होतो.

ही गोष्ट अशक्य नाही. मुंबईत वंदना गुप्ता या स्वतः कॅन्सरमधून उठलेल्या बाईंनी १९९४ मध्ये व्ही केअर सुरू केलं. पुण्याच्या मुक्तांगणमध्ये १९८६ पासून दारू सुटलेला माणूस दारू न सुटलेल्याशी बोलतो आहे. दारुड्याला दारुडा समजतो हे आपल्याला पटलं. मग पीएसएवाल्याला पीएसएवाला का नको?

मला सांगितलं जातं की आपल्याकडे प्रोस्टेटचा कॅन्सर उशिरा, हाडांपर्यंत पोचल्यावरच सापडतो, कमी धोक्याचे असे किती? पहिलं खरं आहे. पण तो उशिरा सापडतो याचं एक कारण हेच मौन आहे. जिथे चार पुरुष लघवीबद्दल मोकळे बोलतील तिथला पाचवा डॉक्टरकडे लवकर जाईल. दुसरा आक्षेप योजनांचा : सरकार देईल. महात्मा फुले योजनेतला पैसा मुख्यतः भरती होऊन केलेल्या उपचारांसाठी आहे. थांबणाऱ्या माणसाजवळ बसायला कुठल्या पॅकेजमध्ये पैसे असणार?

व्हॉट्सअॅप ग्रुप पुरे, असंही म्हणतात. नको. तिथे तिसऱ्या दिवशी काढ्याची कृती येते.

महिन्यातून एकदा, जळगावात बसावं. असोद्यात नाही, कारण गावात कोण कशाला बसलंय हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं, आणि "त्यांच्या घरात कॅन्सर आहे" म्हणून नातीचं स्थळ फिरतं ही भीती खोटी नाही. मशिदीतही नाही, नाही तर शेतीशाळेत शेजारी उभा असलेला पाटील इथे येणार नाही. जुम्यानंतर एलान मात्र जरूर व्हावं, मंदिराच्या फळ्यावरही लिहावं. औषध कोणी कोणाला सुचवायचं नाही, ऑपरेशन कर किंवा करू नको असं सांगायचं नाही. आपलं तेवढं सांगायचं. वर्षातून दोनदा एखाद्या युरॉलॉजिस्टला बोलवावं, बाकी वेळी डॉक्टर नसलेलाच बरा. दोन माणसं मिळाली तरी सुरू करावं. आणि खोली कुठलीही घ्या, संडास-मुतारी दाराला लागून असावी. या वयात, या आजारात, जिना उतरून जायला वेळ नसतो.