तपास वजनकाट्यापर्यंत न्या
सोलापूर ग्रामीण पोलीस अधीक्षकांना खुले पत्र

प्रति,
मा. पोलीस अधीक्षक,
सोलापूर ग्रामीण

महोदय,

माढा तालुक्यात गाड्या रात्री कुठे उभ्या असतात, हे आपल्या खात्याला वेगळे सांगायला नको. कुर्डुवाडी जंक्शनवरून रात्रीची रेल्वे पकडणारे लोक आपली मोटारसायकल किंवा कार स्टेशनच्या आसपास लावून जातात. टेंभुर्णीला पुणे-सोलापूर महामार्गालगतच्या ढाब्यांपुढे मालट्रक थांबतात. गळीत हंगामात पिंपळनेरकडच्या रस्त्यांवर उसाने भरलेल्या ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आपल्या पाळीची वाट बघत असतात. माढा गावात तर बहुतेकांची गाडी दाराबाहेर, गल्लीतच असते. कुलूपबंद गॅरेज बांधण्याइतकी जागा आणि ऐपत किती जणांकडे आहे?

अख्खी गाडी चोरीला गेली की तिचा गाजावाजा होतो. बॅटरी, स्टेपनी, सायलेन्सर, टूलबॉक्स किंवा टाकीतले डिझेल गेले, तर मालक सकाळी शिव्या घालतो, मेकॅनिकला फोन लावतो आणि नवा भाग बसवून कामाला लागतो. ठाण्याची पायरी चढणारे थोडेच. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात वाहनचोरीला वेगळा रकाना आहे. सुट्या भागांच्या चोऱ्या मात्र इतर चोऱ्यांच्या ढिगात जातात. ज्या गुन्ह्याला स्वतःचा आकडा नाही, त्याच्यासाठी गस्तही लागत नाही आणि आढावा बैठकीत प्रश्नही विचारला जात नाही.

मारुती इको या गाडीचे उदाहरण आपल्या खात्याला माहीत असेलच. २०२१ च्या सुमारास पुणे जिल्ह्यासह राज्यात ठिकठिकाणी या एकाच गाडीचे सायलेन्सर चोरीला जाऊ लागले. मालक सकाळी गाडी सुरू करायचा आणि ट्रॅक्टरसारखा आवाज आला की त्याला कळायचे. चोरांना लोखंडी नळकांड्यात रस नव्हता. सायलेन्सरला जोडलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये मधमाशीच्या पोळ्यासारख्या छिद्रांचा चिनी मातीचा ठोकळा असतो आणि त्यावर प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि ऱ्होडियम या धातूंचा पातळ थर असतो. धुरातला विषारी कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले इंधन यांचे रूपांतर तिथे होते. धातू असतो काही ग्रॅमच. पण मार्च २०२१ मध्ये ऱ्होडियमचा जागतिक भाव औंसाला २९ हजार डॉलरच्या आसपास पोहोचला होता आणि मार्च २०२२ मध्ये पॅलॅडियमने ३ हजार डॉलर ओलांडले. इको जमिनीपासून उंच, खालून हात सहज जातो, चार-दोन बोल्ट सोडले की काम झाले. मग तो ठोकळा फोडून त्याची ‘माती’ किलोवर विकली जायची.

लंडनच्या बाजारात धातूचा भाव चढतो आणि त्याचा फटका वडाप करणाऱ्या, शाळेची मुले नेणाऱ्या किंवा दूध गोळा करणाऱ्या गाडीला बसतो. इको ही आपल्या भागात चैनीची गाडी नाही, तिच्यावर घर चालते. ती चार दिवस उभी राहिली तर भाडे बुडते आणि हप्ता मात्र ठरल्या तारखेलाच कापला जातो. त्या धातूंचे भाव नंतर बरेच उतरले, पण चोरीची वाट आणि माल घेणारे हात तयार झाले, ते भावाबरोबर नाहीसे होत नाहीत.

सायलेन्सर गेलेल्या मालकावर आणखी एक संकट येते. मूळ भाग महाग म्हणून त्याने साधी नळी जोडून गाडी चालवली, तर ती पीयूसीत नापास होते. प्रदूषणाच्या गुन्ह्यासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर १० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ज्याच्या घरी चोरी झाली, तोच रस्त्यावर गुन्हेगार ठरतो.

विमा आहे ना, असे सहज म्हटले जाते. जुन्या गाड्यांवर बहुधा फक्त थर्ड पार्टी विमा असतो आणि त्यातून स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा एक रुपयाही मिळत नाही. दुचाकीच्या पॅकेज पॉलिसीत तर स्पष्ट अट असते की गाडी सोबत चोरीला गेली नसेल, तर नुसत्या ॲक्सेसरीजच्या चोरीची भरपाई नाही. कारच्या पूर्ण विम्यातही बॅटरी, टायर-ट्यूब आणि प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. शिवाय एकदा दावा केला की वर्षानुवर्षे साठवलेला, २० पासून ५० टक्क्यांपर्यंत चढलेला नो क्लेम बोनस जातो. बॅटरीसाठी दावा करणे परवडत नाही, म्हणून कोणी करत नाही. आणि दावा करायचा नसेल तर फिर्याद तरी कशाला, असा हिशेब होतो. चोराला नेमके हेच हवे असते.

कायद्यातच एक अडचण आहे, तीही मांडायला हवी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरी कलम ३०३ खाली येते. चोरलेल्या वस्तूची किंमत ५ हजार रुपयांपेक्षा कमी असेल, तर नव्या प्रक्रिया संहितेच्या परिशिष्टानुसार तो गुन्हा अदखलपात्र धरला जातो आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. दोन वर्षे वापरलेल्या बॅटरीची किंमत ठाण्यात कोण आणि कशी ठरवणार? भंगाराच्या भावाने धरली तर ती ५ हजारांच्या आत बसते. मालकाला मात्र नवी घ्यायला त्याहून अधिक मोजावे लागतात. एका रात्रीत एकाच रांगेतल्या पाच ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या गेल्या आणि पाच वेगवेगळ्या किरकोळ नोंदी झाल्या, तर टोळी कागदावर कधी दिसणारच नाही.

न्याय संहितेच्याच कलम ११२ मध्ये टोळीने केलेल्या छोट्या गुन्ह्यांसाठी १ ते ७ वर्षांची शिक्षा आहे आणि वाहनातून केलेल्या चोरीचा त्यात नावानिशी उल्लेख आहे. एका रात्रीच्या, एका पद्धतीच्या चोऱ्या एकत्र वाचल्या, तर हे कलम उपयोगी पडू शकते. गुन्हा दखलपात्र असेल तर तो नोंदवलाच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ मध्येच सांगितले आहे. साधा अर्ज घेऊन पोच देणे म्हणजे गुन्हा नोंदवणे नव्हे.

तरीही या पत्राचे मुख्य मागणे चोराबद्दल नाही. चोरलेली बॅटरी चोर घरी ठेवत नाही. ती दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी वजनकाट्यावर चढते, रोख पैसे हातावर पडतात आणि त्यातले शिसे वितळले की ओळख संपते. घेणारा आहे म्हणून चोरी आहे. मेरठच्या सोतीगंज बाजारात चोरीच्या गाड्या वर्षानुवर्षे सुट्या केल्या जात. पोलिसांनी बड्या व्यापाऱ्यांच्या मालमत्तांवर टाच आणली, दुकानांतल्या मालाचा हिशेब मागितला, आणि डिसेंबर २०२१ मध्ये तो बाजार बंद झाला. सरसकट दुकाने बंद करणे हा माढ्यासाठी मार्ग नव्हे. भंगारावर पोट असलेली कितीतरी प्रामाणिक कुटुंबे आहेत. त्यापेक्षा इंग्लंड आणि वेल्समधला २०१३ चा कायदा बघण्यासारखा आहे. तिथे भंगार रोखीने विकत घेता येत नाही आणि विकणाऱ्याची ओळख तपासून नोंदवावी लागते.

आपल्याकडेही हात अगदी रिकामे नाहीत. १० ऑक्टोबर २०२४ पासून जीएसटी नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याने नोंदणी नसलेल्या माणसाकडून धातूचे भंगार घेतले, तर कर भरण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर आहे. म्हणजे खरेदीचा कागद त्याच्याकडे असायलाच हवा. बॅटऱ्यांसाठी २०२२ चे बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम आहेत. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १२४ खाली संशयित चोरीच्या मालाचा समाधानकारक खुलासा न करणाऱ्यावर कारवाई होते, आणि सराईतपणे चोरीचा माल घेणाऱ्यासाठी न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये जन्मठेपेपर्यंतची तरतूद आहे.

म्हणून विनंती अशी की माढा, कुर्डुवाडी आणि टेंभुर्णी या तिन्ही ठाण्यांच्या हद्दीतल्या भंगार व जुन्या सुट्या भागांच्या दुकानांची यादी करून त्यांना खरेदीची वही ठेवायला सांगावे: विकणाऱ्याचे नाव, ओळखपत्र, मोबाइल क्रमांक, मालाचा फोटो. ती वही पोलिसांनी महिन्यातून एकदा तरी उघडावी. सुट्या भागांच्या चोरीची ठाण्यात वेगळी नोंद असावी आणि किंमत लिहिताना मालकाचे नव्या भागाचे बिल जोडून घ्यावे.

एक काम खर्चाशिवाय होण्यासारखे आहे. ब्रिटनमध्ये पोलीस शिबिरे घेऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर ओळखखूण कोरून देतात. आपल्याकडे सायलेन्सरवर आणि बॅटरीच्या खोक्यावर गाडीचा नंबर कोरून घेणे गावातल्या गॅरेजमध्येही जमते. ‘एमएच ४५’ असे ठळक कोरलेली बॅटरी काट्यावर घेताना दुकानदार दोनदा विचार करील, आणि घेतलीच तर पुरावा त्याच्याच दुकानात असेल.

येत्या गळीत हंगामाच्या गाड्या लागण्यापूर्वी असे पहिले शिबिर कुर्डुवाडीत आणि दुसरे टेंभुर्णीत घ्यावे. त्याच दिवशी भंगार व्यावसायिकांनाही बोलवावे, म्हणजे वहीचा नमुना त्यांच्यासमोरच ठरेल. तारीख जाहीर झाली की वाहनधारकांना निरोप पोहोचवायला ग्रामपंचायती, ऊस वाहतूकदार आणि गॅरेजवाले आहेतच.

आपला विश्वासू,
माढा तालुक्यातील एक वाहनधारक