परीक्षा केंद्राच्या भिंतीबाहेरचे पालक

दहावी-बारावीच्या परीक्षा सुरू झाल्या की मराठवाड्यात एक दृश्य वारंवार दिसते. केंद्राबाहेर पोलिसांचा बंदोबस्त असतो आणि तरीही भिंतीवरून, खिडकीतून कॉपी आत पोहोचविण्याची धडपड चालू असते. ह्या धडपडीत मुलांचे मित्र असतात, तसे नातेवाईकही असतात. पालकांच्या सहभागाविषयी बोलताना आम्हांस हे दृश्य टाळता येत नाही, कारण हाही एक प्रकारचा सहभागच आहे. मग वर्षभर हे पालक कोठे होते, हा खरा प्रश्न आहे.

परीक्षेतील गैरप्रकारांविरुद्ध आपल्या राज्यात १९८२ पासून कायदा आहे. २०१० च्या सुमारास नांदेड जिल्ह्यात तत्कालीन जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी ह्यांनी कॉपीमुक्तीची मोहीम नेटाने राबविली आणि तिची चर्चा राज्यभर झाली. भरारी पथके दरवर्षी फिरतात. परंतु पथक राखते ते परीक्षेचे तीन तास. उरलेले वर्ष घराच्या हाती असते.

पालकांना बहुधा निकालाचा आकडा तेवढा दिसतो. हा आकडा किती फसवा असतो पाहा. राज्यात दहावीचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के लागला. २०१९ मध्ये भाषा व सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण बंद झाले आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. २०२० मध्ये ते गुण परत आले, करोनामुळे भूगोलाचा पेपरही रद्द झाला आणि निकाल ९५.३० टक्के झाला. दोन वर्षांत मुले मंद होऊन पुन्हा हुशार झाली नव्हती; बदलली होती ती मुख्यतः परीक्षेची पद्धत. आपल्या मुलाला काय समजते आणि कोठे अडते, हे टक्केवारी सांगत नाही. ते त्याच्याजवळ बसूनच कळते.

कायद्याने पालकांना शाळेत स्थान दिले आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार विनाअनुदानित शाळा वगळता इतरत्र शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. अनुदानित शाळांत ही समिती सल्लागार असते. मात्र हा कायदा आठवीपर्यंतचाच. पुढे खासगी शाळांत २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याने पालक-शिक्षक संघ बंधनकारक आहे. पण त्या कायद्याचा रोख फीवर आहे. परिणामी नववीत, जेव्हा अभ्यास कठीण होतो आणि मूल मनातले बोलेनासे होते, नेमके तेव्हाच आईवडिलांचे शाळेत जाणे कमी होते.

पडेगाव परिसरातून वाळूजच्या कारखान्यांत पाळीने जाणारा बाप म्हणेल, "फादर, मला त्यातले काय कळते?" ही अडचण खरी आहे. परंतु द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ च्या शिक्षणविषयक घोषणापत्रात आईवडिलांना मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक मानले, तेव्हा ते स्वतः शिकलेले असावेत अशी अट घातली नाही. बीजगणित न येणारी आईसुद्धा "आज वर्गात काय शिकवले, मला सांग," असे म्हणू शकते. सांगता आले तर मुलाला ते समजले आहे. अडखळला तर उद्या शिक्षकांना काय विचारायचे ते ठरले. संध्याकाळी तासभर दूरदर्शन संच आणि मोबाइल बंद ठेवणे, अभ्यासाच्या वेळी मुलीवरच घरकामाचा भार न टाकणे, पहिल्या घटक चाचणीनंतर वर्गशिक्षकांना भेटणे, ह्यांपैकी कशालाही पदवी लागत नाही.

ज्यांना शाळेच्या कार्यालयात जाण्याचा संकोच वाटतो, त्यांच्याबरोबर धर्मग्रामातील एखाद्या शिकलेल्या व्यक्तीने जावे, अशी आमची सूचना आहे. एवढी सोबत आपण एकमेकांना निश्चितच देऊ शकतो.

भिंतीवरून कॉपी फेकणाऱ्या बापाचे मुलावर प्रेम नसते, असे आम्ही म्हणणार नाही. पण त्या चिठ्ठीबरोबर "तुला स्वतःहून जमणार नाही" हा निरोपही मुलाच्या हाती पडतो. गुणपत्रिका कालांतराने जुनी होते. तो निरोप मात्र मूल आयुष्यभर जवळ बाळगते.