पसंतिक्रम भरण्यापूर्वी

‘नीट’चा निकाल लागला की घरोघरी वैद्यकीय महाविद्यालयांच्या पसंतिक्रमाच्या याद्या तयार होऊ लागतात. गेल्या वर्षी कोठे किती गुणांवर प्रवेश मिळाला, या एकाच आकड्याभोवती त्या फिरतात. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची आंतरवासिता जेथे काढावयाची, त्या जागेचा विचार याहून बारकाईने व्हावयास हवा.

वैद्यकीय महाविद्यालयाची खरी संपत्ती म्हणजे त्याच्या रुग्णालयातील गर्दी. मुंबईच्या सेठ जी. एस. महाविद्यालयाचा विद्यार्थी केईएमच्या वॉर्डात जे पाहतो, ते चकचकीत इमारतीतील रिकाम्या खाटा शिकवू शकत नाहीत. माहितीपुस्तिकेत खाटांची संख्या असते. त्यांवर रुग्ण किती, हे सकाळच्या वेळी बाह्यरुग्ण विभागात तासभर उभे राहिल्यावरच कळते. पालक मात्र वसतिगृहाची खोली पाहून परततात, हे नवलच!

विद्यार्थ्याचा स्वभावही पाहावा. १९६९ साली स्थापन झालेल्या सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत नवे विद्यार्थी आरंभी पंधरा दिवस आश्रमात राहतात, खादी वापरतात आणि प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षणानंतर सैनिकी सेवा बंधनकारक असते. एकाला जे जाचक वाटेल, त्यातच दुसरा फुलेल.

बदलीच्या नोकरीतील कुटुंबांनी आणखी एक गोष्ट दहावीपूर्वीच तपासावी. शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात, उरलेल्या राज्याच्या. महाराष्ट्रात त्यांसाठी अधिवासाबरोबरच दहावी-बारावी याच राज्यातून उत्तीर्ण असणे सर्वसाधारणपणे आवश्यक असते. इंदूर वा बडोद्यास वाढलेल्या मराठी मुलाला घरी बोलली जाणारी भाषा येथे उपयोगी पडत नाही.

राहिला पैशाचा प्रश्न. शैक्षणिक कर्जाचा हप्ता शिक्षण चालू असताना सहसा सुरू होत नाही; व्याज मात्र पहिल्या उचलीपासून साचत जाते. पदवीनंतर बहुतेक जण पदव्युत्तर प्रवेशाच्या तयारीस लागतात आणि मिळकत बेताची असते. नेमका त्याच सुमारास हप्ता दारात उभा राहतो. अभिमत विद्यापीठातील जागेसाठी राहते घर तारण ठेवण्यापूर्वी हा हिशेब, वसतिगृह व भोजनखर्चासह, मुलाला शेजारी बसवून कागदावर मांडावा आणि आकडे त्यालाच लिहू द्यावेत.