मांगराच्या जागी खोली: पाया खणण्याआधी वारसांची यादी

मालवण किनाऱ्यावर घरामागे मांगर नसलेली जुनी वाडी क्वचितच सापडेल. पूर्वी त्यात गवत, लाकडं, जाळी, नारळ असायचे. आता त्याच जागेवर चिऱ्याची खोली, संडास-बाथरूम आणि पुढे छोटी पडवी उभी राहतेय. कुणाला लग्न झालेल्या मुलासाठी वेगळी चूल हवी आहे, कुणाला तारकर्ली-देवबागला येणाऱ्या पर्यटकांसाठी भाड्याची खोली. सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला 1997 मध्ये, चिपीचा विमानतळ सुरू झाला ऑक्टोबर 2021 मध्ये. आखातातून परतलेल्या आपल्या मुलांनाही घरच्या जागेत रोजगार दिसू लागलाय. ही चांगलीच गोष्ट आहे. पण खोली आधी उभी राहते आणि कागदाचं नंतर बघू म्हणतात, तिथे घात होतो.

कागदाची किंमत काय असते, हे मालवणने अलीकडेच पाहिलं. फेब्रुवारी 2025 मध्ये क्रिकेट सामन्यानंतर देशविरोधी घोषणेचा आरोप झाला आणि एका मुस्लिम भंगार व्यावसायिकाचं बांधकाम बेकायदा ठरवून लगेच पाडलं गेलं. मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणी अवमान याचिकेवर नोटीस काढली. त्याआधी, 13 नोव्हेंबर 2024 च्या निकालात न्यायालयाने सांगून ठेवलं होतं की किमान 15 दिवसांची नोटीस, म्हणणं मांडायची संधी आणि लेखी आदेश याशिवाय बांधकाम पाडता येणार नाही. निकाल आपल्या बाजूचा आहे, यात शंका नाही. मात्र तो पाडण्याची पद्धत ठरवतो, बेकायदा बांधकाम कायदेशीर करून देत नाही. नोटिशीला उत्तर देताना हातात परवानगीच नसेल, तर 15 दिवसांत दाखवणार काय?

समुद्र किती लांब आहे?

पहिला प्रश्न सीआरझेडचा. 18 जानेवारी 2019 च्या अधिसूचनेनुसार ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग पडतात. 2011 च्या जनगणनेत दर चौरस किलोमीटरला 2161 पेक्षा जास्त वस्ती असेल, तर भरतीरेषेपासून 50 मीटर बांधकामबंदी. त्याहून विरळ वस्तीला 200 मीटर. आपल्या जिल्ह्याची सरासरी घनता 163 आहे. म्हणजे बहुतेक गावांनी 200 मीटर धरूनच चालावं. खाडीकाठाला 50 मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतलं जे कमी ते. परंपरागत किनारी समाजांसाठी काही वेगळ्या तरतुदी आहेत, पण त्यांचा लाभही कागदावरच मिळतो, तोंडी समजुतीवर नाही.

बंदीच्या पट्ट्यात जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करता येते, तीही आहे त्याच जोत्यावर. मांगर पाडून दुप्पट मोठी खोली बांधली, तर ती दुरुस्ती ठरत नाही. होमस्टेलाही मुभा आहे, मात्र आहे त्या घराचं जोतं, रचना आणि दर्शनी रूप न बदलता. साधा अर्थ असा की किनाऱ्यालगत राहणाऱ्याने घरातलीच एक खोली पाहुण्यांना द्यावी, नवी बांधू नये. पट्ट्याच्या पलीकडे, 200 ते 500 मीटरमध्ये, गावठाणासारख्या पारंपरिक वस्तीत तळमजला अधिक एक मजला आणि 9 मीटर उंचीपर्यंत घर बांधता येतं. स्वतःच्या राहण्यासाठी 300 चौरस मीटरपर्यंत स्थानिक प्राधिकरणच परवानगी देऊ शकतं, फाईल मुंबईला जात नाही.

घरपट्टी म्हणजे परवानगी नव्हे

दुसरा गैरसमज घरोघरी ऐकू येतो: "ग्रामपंचायतीत घरपट्टी भरतो ना, मग झालं!" नाही झालं. नमुना 8 चा उतारा कर आकारणीचा आहे. त्याने मालकीही सिद्ध होत नाही आणि बांधकाम परवानगीही. 2021 मध्ये तत्कालीन ग्रामविकासमंत्री हसन मुश्रीफ यांनी जाहीर केलेल्या सवलतीनुसार गावात सुमारे 3200 चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडाला नगररचनाकाराकडे जावं लागत नाही. पण मालकीचे कागद, नकाशा आणि परवानाधारक अभियंत्याचा दाखला ग्रामपंचायतीत द्यावाच लागतो. आणि या सवलतीने सीआरझेड माफ होत नाही.

सातबारावर कोण कोण आहे?

सगळ्यात नाजूक जागा ही. मुस्लिम कायद्यात 'एकत्र कुटुंबाची मालमत्ता' असं काही नसतं. अब्बांचा इंतकाल झाला त्याच क्षणी प्रत्येक वारसाचा हिस्सा ठरतो, मग सातबारावर नाव चढलेलं असो वा नसो. समजा 12 गुंठे जागा आहे, मागे आई, दोन भाऊ आणि दोन बहिणी. आईचा आठवा हिस्सा म्हणजे दीड गुंठा. उरलेल्यातून भावांना साडेतीन-साडेतीन आणि बहिणींना पावणेदोन-पावणेदोन गुंठे. गावात राहणारा भाऊ मांगराच्या जागी खोली बांधतो तेव्हा तो बहिणीच्या जमिनीवरही बांधत असतो. "खर्च मी केला" म्हटल्याने जमीन त्याची होत नाही.

होतं काय, तर ईदला माहेरी आलेल्या बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवलं जातं. ती लाजेखातर सही करते आणि मनात गाठ राहते. दहा वर्षांनी तिची मुलं दावा लावतात. तोपर्यंत सहहिस्सेदारांची संमती नाही म्हणून बँक कर्ज नाकारते आणि खोली अर्धवट राहते, ते वेगळंच. हिबा तोंडी वैध असला तरी ताबा द्यावा लागतो, आणि सरकारी दफ्तराला कागदच लागतो.

यातून सोपी वाट निघते. मोजणी करून नोंदणीकृत वाटपपत्र करावं, शेतजमीन असेल तर तुकडेबंदीची मर्यादा तपासावी. वाटप नको असेल, तर बहिणीला तिच्या हिश्शाची बाजारभावाने किंमत द्यावी किंवा तिला खोलीच्या भाड्यात लेखी भागीदार करून घ्यावं.

ही भागीदारी पैशाच्या प्रश्नालाही उपयोगी पडते. राज्याच्या 'आई' महिला पर्यटन धोरणात (2023) महिलांच्या व्यवसायाला 15 लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजाचा परतावा मिळतो, साडेचार लाखांच्या मर्यादेत. पण व्याज आधी बँकेत भरावं लागतं. व्याज टाळणाऱ्या घरांनी याबद्दल आपल्या आलिमांना विचारूनच ठरवावं. भावंडांनी ऐपतीप्रमाणे पैसे घालून हिश्शाप्रमाणे उत्पन्न वाटून घेतलं, तर तो प्रश्नच उरत नाही.

जमातीच्या बैठकीत कब्रस्तानाच्या गडग्यापासून मदरशाच्या कौलांपर्यंत सगळे विषय निघतात. या पावसाळ्यात, बांधकामं बंद असताना, एक बैठक वारसनोंदींसाठीही ठेवता येईल. कुणाच्या सातबारावर अजून आजोबांचंच नाव आहे, कुणाच्या फेरफारात बहिणी सुटल्यात, एवढं जरी तपासलं तरी पुष्कळ होईल. चिरे दिवाळीनंतरही मिळतील.